चिमणराव, चेटकीण आणि टिपऱ्यांचे आबा

अभिनेते दिलीप प्रभावळकर म्हटल्यावर समोरच्याला आधी कोण आठवतं, यावरून त्याचं वय ओळखावं. साठी उलटलेला चिमणराव म्हणेल, चाळिशीतला तात्या विंचू, आणि त्याहून धाकटा असेल तर आबा टिपरे. या तिघांत काडीचंही साम्य नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची मालिका आली. प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एकच वाहिनी, त्यामुळे सगळा महाराष्ट्र एकाच वेळी तेच बघायचा. भित्रा, सरळमार्गी चिमणराव घराघरांत पोचला आणि १९७९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. एवढ्या प्रसिद्धीनंतर बहुतेक नट तोच सूर जन्मभर आळवतात. यांनी तसं केलं नाही. अर्थात सोंगं बदलायची खोड जुनीच होती: रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण झाले होते तेही हेच.

या खोडीचा कळस म्हणजे ‘हसवाफसवी’ हे नाटक. लेखन स्वतःचं आणि भूमिका सहा. एक सोंग उतरवून विंगेतून दुसरं होऊन यायचं, तेही चाल आणि आवाजासकट. त्यातले कृष्णराव हेरंबकर, म्हणजे संगीत नाटकांच्या जमान्यातले थकलेले गायकनट, आले की हसता हसता घशात काहीतरी अडकतं. मला विचाराल तर प्रभावळकरांचा खरा विनोद तिथे आहे.

‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटातल्या मतिमंद नंदूला विनोदी म्हणताच येणार नाही. दोन वर्षांनी ‘झपाटलेला’ आला. त्यातला माणसाच्या रूपातला तात्या विंचू पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, पुढचा धिंगाणा त्याचा आत्मा शिरलेल्या, रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्याचा. तरी नाव निघतं ते प्रभावळकरांचंच!

टिपऱ्यांचं घर मुळात कागदावरचं. ‘लोकसत्ता’त प्रभावळकर ‘अनुदिनी’ हे सदर लिहायचे. घरातल्या माणसांच्या रोजनिश्या. त्यावरून केदार शिंदे यांनी २००१ मध्ये अल्फा मराठीसाठी (आताची झी मराठी) ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केली. आबा झाले तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. कट नाही, कारस्थान नाही, चार भिंतींतल्या कुरबुरी आणि आजोबा-नातवंडांची गट्टी, एवढ्यावर मालिका चालली.

पुढे २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी झाले. त्या भूमिकेसाठी आणि मराठी ‘शेवरी’साठी मिळून सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.