सामुदायिक मत्स्य राखीव क्षेत्र (फिलिपीन्स)

किनाऱ्यालगतच्या प्रवाळाचा एक तुकडा गावाने मासेमारीला पूर्ण बंद करायचा आणि राखणही गावानेच करायची, अशी ही पद्धत. फिलिपीन्समध्ये अशी क्षेत्रं हजाराच्या वर आहेत, पण बहुतेक काही हेक्टरांचीच, आणि बरीचशी कागदावरच आहेत असं अभ्यासक म्हणतात.

सुरुवात कुठून धरायची यावर मतभेद आहेत. साधारणपणे 1974 साल देतात, कारण त्या वर्षी सिलीमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ एंजल आल्कला यांच्या पुढाकाराने सेबूजवळच्या सुमिलोन बेटाच्या प्रवाळाचा साधारण पाव भाग बंद केला गेला. पण तो निर्णय मुख्यतः विद्यापीठाचा आणि नगरपालिकेचा, मासेमार त्यात नंतर आले, त्यामुळे 1984 मध्ये स्थानिक राजकारण फिरलं आणि बंदी मोडली. गंमत म्हणजे सुमिलोनचं नाव झालं ते या मोडण्यामुळेच. आल्कला आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक गॅरी रस यांच्याकडे आधीचं मोजमाप तयार होतं, आणि नंतरच्या दीड-दोन वर्षांत दिसलं की मासेमारीला जागा वाढली तरी एकूण उत्पादन निम्म्याच्या आसपास घसरलं. हा निष्कर्ष 1990 मध्ये छापून आला.

दुसरा दावा आपो बेटाचा, नेग्रोस ओरिएंटल प्रांतातलं दाउईन गाव त्याच्या समोर. इथे 1979 च्या सुमाराला बोलणी सुरू झाली, काही मासेमारांना सुमिलोन दाखवायला नेलं, आणि 1982 मध्ये मोजक्या कुटुंबांनी (14 असं सांगतात) बेटाच्या आग्नेय बाजूचा सुमारे अर्धा किलोमीटर किनाऱ्यावर मासेमारी सोडली. नगरपालिकेचा करार 1985 चा, म्हणून काहीजण तेच साल देतात. लोकांनी घेतलेला निर्णय हा निकष लावला तर 1982 च बरोबर वाटतं.

राखण गावानेच करायची तर आधी गावाची तयारी करून घ्यावी लागते; ती नेमकी कशी केली, याची माहिती 1984 ते 86 च्या सिलीमनच्या कार्यक्रमातून मिळते. आपो, पामिलाकान आणि बालीकासाग ही तीन बेटं त्यात होती. कार्यकर्ते गावातच राहिले, प्रवाळ आणि माशांची वाढ यावर साध्या भाषेत बोलले, गावाची समिती बनवली. डायनामाईट, विष, प्रवाळावर वजनं आपटून मासे हुसकावणारी मुरो-आमी पद्धत यांना आळा घालणं हे गावाचं काम झालं. राखणदारांना बांताय दागात म्हणतात, म्हणजे समुद्राचा पहारा. नंतर दुसऱ्या गावांचे मासेमार आपोवर बघायला येऊ लागले, आणि मासेमारानेच मासेमाराला सांगणं हे भाषणांपेक्षा जास्त लागू पडलं असं दिसतं.

कायद्याचा आधार मागून आला. 1991 च्या स्थानिक शासन संहितेने किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांकडे दिलं, 1998 च्या मत्स्य संहितेने मासेमारांच्या सल्लागार परिषदा आणल्या.

वादाचा तांत्रिक मुद्दा एकच, बंद पट्ट्यातले मासे बाहेर येऊन मासेमाराला मिळतात का. आपोवर 1983 ते 2001 च्या मोजणीत सर्जनफिश आणि जॅक कुळातल्या माशांचं वजन आतल्या भागात तिपटीच्या आसपास गेलं, बाहेरही वाढलं पण ते मुख्यतः हद्दीपासून अडीचशे मीटरच्या आत. म्हणजे बाहेर येतात, पण फार लांब नाही. शंका घेणारे म्हणतात की त्या काळात बेटावरची मासेमारीच कमी झाली होती, त्याचा परिणाम वेगळा कसा काढायचा. आक्षेप रास्त आहे, तरी सुमिलोनशी जोडून पाहिलं तर पुरावा राखीव क्षेत्राच्या बाजूने झुकतो. बाहेर वाहत जाणाऱ्या माशांच्या अळ्यांबद्दल (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांबद्दल) पुरावा अजून कमीच.

1994 मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं आणि कारभार वेगळ्या मंडळाकडे गेला. पाण्यात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांची फी केंद्रीय निधीतून परत यायला उशीर, बेटावर निर्णयाचा अधिकार कमी, अशा तक्रारी वाढल्या, 2010 च्या एका अभ्यासाने हे वळण चुकीचं की काय असा प्रश्नच विचारला. त्यानंतर डिसेंबर 2011 आणि डिसेंबर 2012 च्या दोन वादळांनी बंद पट्ट्यातलं प्रवाळ बहुतेक उद्ध्वस्त केलं, बेटाची पश्चिम बाजू मात्र बरीचशी वाचली.