लाकडात बसवलेला थाट

माउंटन डल्सिमर हे अमेरिकेतलं तंतुवाद्य पहिल्यांदा मांडीवर आडवं घेतलं, तेव्हा माझी नजर अडकली ती पडद्यांवर, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्ट्यांवर. गिटारचे पडदे घोडीकडे (तारा टेकतात त्या खालच्या टोकाकडे) जाताना हळूहळू जवळ येत जातात. इथे मात्र दोन रुंद घरं, मग एक अरुंद, पुन्हा दोन रुंद, परत एक अरुंद. पेटी वाजवणाऱ्याला हे चटकन कळेल. पांढरी पाचला सा धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वर जा. स्वरांमधली अंतरं हीच. निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे खमाज थाट, सात स्वरांची ठरलेली एक चौकट.

हा थाट वाजवणाऱ्याने निवडायचा नसतो, तो कारागिराने लाकडातच बसवलेला असतो. मोकळी तार ७० सेंटिमीटरची धरली, तर पहिला पडदा मेरूपासून (तार जिथून सुरू होते त्या वरच्या टोकापासून) सुमारे ७.६ सेंटिमीटरवर येतो (रिषभ), दुसरा १४.४ वर (गंधार) आणि तिसरा, मध्यमाचा, १७.६ वर. गंधार आणि मध्यम यांच्यात अर्ध्याच स्वराचं अंतर, म्हणून ते घर तीन सेंटिमीटरचं. पंचमाचा चौथा पडदा तारेचा एक तृतीयांश भाग कापतो, आणि सातवा पडदा बरोबर मध्यावर असतो, कारण तार निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि वरचा षड्ज मिळतो. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम यांना या पट्टीवर जागाच नाही. नवशिक्याच्या हातातल्या, तार दाबायच्या काडीखाली येईल तो स्वर थाटातलाच असतो.

डल्सिमर म्हटल्यावर अनेकांना संतूर आठवतं. छोट्या हातोड्यांनी वाजवायचं डल्सिमर खरंच संतूरच्या कुळातलं आहे. हे मात्र वेगळं वाद्य. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगररांगांत, केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी या भागांत, ते एकोणिसाव्या शतकात घडलं. त्याचा पूर्वज जर्मन स्थलांतरितांबरोबर आलेलं शाइटहोल्ट मानतात. लांबट पेटी, तीन किंवा चार तारा, आणि सुरावट फक्त वाजवणाऱ्याकडच्या तारेवर. उरलेल्या तारा मोकळ्याच झंकारत राहतात. केंटकीतल्या वायपर गावी १९२२ साली जन्मलेल्या जीन रिची यांनी हे वाद्य डोंगराबाहेर न्यूयॉर्कपर्यंत नेलं. त्या चौदा भावंडांतल्या सर्वांत धाकट्या. वडिलांच्या डल्सिमरला मुलांनी हात लावायचा नाही असा घरचा नियम होता. तो मोडून चार-पाच वर्षांच्या जीनने त्यावर एक साधी धून स्वतःच शोधून काढली होती. मुलगी गुणी होतीच, पण पडद्यांच्या या रचनेचाही त्यात वाटा असणार, असं मला वाटतं.

सर्वांत रूढ मिळवणी डी-ए-डी, म्हणजे आपल्या भाषेत सा-प-सा. जाड तार १४७ हर्ट्झच्या आसपास, मधली २२०, सुरावटीची २९४. प्रमाण २:३:४. तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या कानाला हे वाद्य परकं वाटत नाही, ते यामुळेच.

पहिल्याच दिवशी माझी एक तार तुटली. ट्यूनरवर, म्हणजे वाजलेला स्वर दाखवणाऱ्या यंत्रावर, फक्त ‘डी’ हे अक्षर दिसत होतं, सप्तक कळत नव्हतं. सुरावटीची तार आधीच बरोबर डीजवळ येऊन पुढे सरकली होती आणि मी तिला पुढच्या डीकडे ओढत राहिलो. कंपनसंख्या दुप्पट करायची तर ताण चौपट लागतो, आणि पोलादाची ती बारीक तार तेवढा ताण सोसत नाही. म्हणून जाड तारेपासून सुरुवात करावी, आधी स्वर गळ्यातून काढावा आणि मगच खुंटी पिळावी.

ट्यूनरवर हिरवा दिवा लागला तरी काम संपत नाही. जाड तार आणि मधली तार एकत्र छेडून थोडं थांबा. षड्जाच्या तारेतून तिप्पट कंपनसंख्येचा एक उपस्वर निघत असतो, पंचमाच्या तारेतून दुप्पट कंपनसंख्येचा. दोन्ही ४४० च्या जवळ भेटतात. ट्यूनरप्रमाणे पहिला ४४०.५ असतो, दुसरा ४४०. या अर्ध्या हर्ट्झच्या फरकामुळे आवाज दर दोन सेकंदांनी संथपणे फुगतो आणि ओसरतो. मधली तार केसभर चढवली की ही लाट लांबत जाते आणि शेवटी विरते. त्या क्षणी दोन तारांचा एक आवाज होतो. पहिला आठवडा फक्त एवढंच केलं तरी चालेल, असं मी आग्रहाने सांगेन. बोटं नंतरही तयार होतात, पण खालचा षड्ज-पंचम डळमळीत असला तर वरची कुठलीच सुरावट बसत नाही.

सुरावटीची तार बोटाने दाबता येते, पण जुनी पद्धत बोटभर लांबीच्या लाकडी किंवा बांबूच्या काडीची आहे. ती पडद्याच्या अगदी लगत, डाव्या बाजूला टेकवायची. घराच्या मधोमध दाबली तर तार जास्त वाकते, ताण वाढतो आणि स्वर चढतो; हलकी दाबली तर पडद्यावर खरखरते. उजव्या हातातल्या नखीने तिन्ही तारा एकदम छेडायच्या. पूर्वी नखीऐवजी पिसाचा देठ वापरत. घोडीजवळ छेडलं तर आवाज धारदार होतो, मध्याकडे सरकलं की गोल आणि मऊ.

आवाज लहान आहे अशी तक्रार नवशिके हमखास करतात. त्याचं एक कारण आपली मांडीच. पेटीची पाठ मांडीवर दबून तिचं थरथरणं विझतं. डल्सिमर लाकडी टेबलावर ठेवून तेच वाजवून पाहा. टेबलाची फळीही थरथरू लागते आणि आवाज खोलीभर पसरतो.

आता राहिला कोमल निषादाचा अडसर. हल्ली बरेच कारागीर सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये ‘साडेसहावा’ पडदा बसवतात आणि शुद्ध निषाद मिळवून देतात. सोय चांगली आहे, पण मला जुना उपाय अधिक भावतो: पडदे तेच ठेवायचे, तार बदलायची. सुरावटीची तार पंचमावर उतरवली की तिसऱ्या पडद्यावर षड्ज येतो आणि तिथून वर बिलावल उलगडतो. मध्यमावर उतरवली तर षड्ज चौथ्या पडद्यावर, आणि स्वर काफीचे. कोमल निषादावर ठेवली तर पहिल्याच पडद्यावरून आसावरी. आपल्याकडे मूर्च्छना समजावताना षड्ज सरकवून जे दाखवतात, ते इथे एका खुंटीच्या पिळात ऐकू येतं. जाड तार आणि मधली तार मात्र जागची हलत नाहीत. काफीसाठी तार उतरवताना मी त्या दोघी सतत छेडत ठेवतो, म्हणजे मध्यम कधी आला हे ट्यूनरकडे न पाहता कळतं.