गेममधला हिरो आपोआप चालतो तेव्हा

कंट्रोलरला हात न लावता हिरो डावीकडे चालायला लागला (याला ड्रिफ्ट म्हणतात) की लोक पहिलं काय करतात तर स्टिकच्या खाचेत फुंकर मारतात. धूळ असेल तर बरं वाटतं चार दिवस, पण दुखणं बरेचदा झिजेचं असतं.

साध्या जॉयस्टिकमध्ये दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीला आणि एक उभ्या, जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूम नॉबमध्ये असायचा तोच पार्ट. कार्बनच्या पट्टीवर धातूचं टोक घासत फिरतं, पट्टीला 5 व्होल्ट दिले तर मधोमध 2.5 च्या आसपास मिळतात आणि स्टिक कलली की कमी-जास्त होतात. चिप 10 बिटची असेल तर याचे 0 ते 1023 आकडे करते, मध्य साधारण 512. आता घासून घासून मधला कार्बनच उडाला तर हात सोडल्यावरही समजा 540 येतो, आणि गेमला वाटतं तुम्हीच ढकलताय! म्हणून मधे थोडा डेडझोन ठेवतात, तेवढ्या फरकाकडे दुर्लक्ष.

काही स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटरऐवजी चुंबकावरून हालचाल ओळखणारा हॉल सेन्सर असतो, त्यात घासाघासच नाही. वीज वाहत असलेल्या पातळ पट्टीवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉन एका कडेला सरकतात आणि दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज येतं, हे एडविन हॉलने 1879 मध्ये दाखवलं, म्हणून हा हॉल इफेक्ट. स्टिकबरोबर चुंबक फिरतो, सेन्सर जागेवरच. आणि खरी गंमत पुढे आहे, दोन सेन्सर काटकोनात ठेवले तर एक साइन देतो, दुसरा कोसाइन, भागाकार केला की टॅन, त्यावरून कोन. चुंबक तापून कमजोर झाला तरी दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटतात, म्हणजे भागाकार तोच राहतो!

पण 'हॉल इफेक्ट म्हणजे ड्रिफ्ट कधीच नाही' ही जाहिरात झाली. स्प्रिंग ढिली पडली तर स्टिक मध्यावर येणारच नाही, सेन्सर बिचारा काय करणार.

क्रेन, एक्स्कॅव्हेटर, इलेक्ट्रिक व्हीलचेअर सगळीकडे जॉयस्टिक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक दिशेला दोन-दोन सेन्सर, आकडे जुळले नाहीत की मशीन थांबवायचं. एअरबस ए320 या प्रवासी विमानात दोन पायलटना दोन साइडस्टिक असतात पण त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, दोघांनी एकदम हलवल्या तर कॉम्प्युटर बेरीज करतो आणि आवाज देऊन सांगतो. एफ-16 या लढाऊ विमानाचं तर अजबच, सुरुवातीची स्टिक हलायचीच नाही, हाताचा दाब तेवढा मोजायची. पायलटना ते काही पटेना, मग ती जराशी हलेल अशी केली.