कुजणं आणि सडणं: एकच का?

बरेच जण हे दोन्ही शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरतात आणि फारसं बिघडतही नाही, लाकूड कुजलं म्हणा की सडलं, समोरच्याला कळतं. पण खत हा विषय निघाला की फरक लगेच दिसतो. शेणखताला आपण 'चांगलं कुजलेलं' म्हणतो, 'चांगलं सडलेलं' कुणी म्हणत नाही. कुजण्यातून काहीतरी कामाचं हाती येऊ शकतं, म्हणून तर 'कुजवणं' मुद्दाम केलं जातं, वाख (दोर वळायचे तंतू) काढायला अंबाडी पाण्यात कुजत घालतात ते तसंच. सडलं म्हणजे मात्र गेलं, फेका.

कंपोस्टच्या ढिगातच बघा ना. आत हवा खेळती असेल तर ढीग गरम होतो, ५५-६० अंशापर्यंत सहज जातो, आणि शेवटी काळसर भुसभुशीत माल उरतो ज्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो (तो जिओस्मिनचा, मातीतले जिवाणू बनवतात). तोच ढीग पाण्याने गच्च झाला, हवा कोंडली, की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि सडक्या अंड्यासारखी घाण सुटते. अशा वेळी मी तरी 'खत कुजलं नाही, सडलं' असंच म्हणेन, शास्त्राच्या पुस्तकात दोन्हीला विघटनच म्हणतात ती गोष्ट वेगळी.

आता हा नियम पक्का आहे का तर अजिबात नाही. पिकांच्या रोगांत मूळकूज, खोडकूज, कंदकूज अशी 'कूज'च जास्त, आणि त्यात चांगलं काहीच नाही, वर कापसाची मात्र बोंडसड! आणि हातसडीचा तांदूळ बघून दचकू नका, ते सडणं म्हणजे कांडणं, कुसळं-कोंडा काढणं, त्याचा या सडण्याशी संबंध नाही.

माणसांच्या बाबतीत तर मजाच आहे. कैदी तुरुंगात सडतो, तिथे 'कुजतो' पण चालतं, पण टोमणा 'कुजका'च असतो, बोलणं 'कुजकट'च असतं, कारण ते आत बरेच दिवस साठून मग बाहेर पडतं. डोकं मात्र सडकं, तिथे सरळ शिवीच द्यायची असते.

दूध यातलं काहीच करत नाही, ते नासतं. आणि दात किडतो.