स्विच वेगवान झाला आणि केबल लांब ठरली

मोटरपर्यंतची केबल जरा लांब असली की व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, आउटपुटला चोक (तारेचं वेटोळं) किंवा फिल्टर लावा, असं आज कुणीही सांगतं. जुन्या ड्राइव्हना मात्र त्याची फारशी गरज पडत नसे. मोटर तेव्हाही इंडक्शनच होती, केबलही तशीच. बदलला तो ड्राइव्हच्या पोटातला स्विच.

व्होल्टेजचे तुकडे, म्हणजे पल्स, पाडायचे आणि त्यांची रुंदी कमीजास्त करून हवी ती फ्रिक्वेन्सी घडवायची, ही पीडब्ल्यूएमची कल्पना एसी मोटरसाठी १९६४ मध्ये ब्राउन बोव्हेरी या स्विस कंपनीच्या शोनुंग आणि स्टेमलर यांनी मांडली. सुरुवातीला हे काम थायरिस्टर नावाचे सेमीकंडक्टर स्विच करत, पुढे बायपोलर ट्रान्झिस्टर. त्यांचं व्होल्टेज शून्यावरून पूर्ण चढायला एक-दोन मायक्रोसेकंद लागत. १९९० च्या आसपास ड्राइव्हमध्ये आयजीबीटी हा वेगवान ट्रान्झिस्टर आला आणि हाच वेळ ०.१ मायक्रोसेकंदावर उतरला. ड्राइव्ह लहान झाले, कमी तापू लागले, मोटरचा कर्कश आवाजही कमी झाला. सगळे खूश.

मग मोटरी जळू लागल्या.

कारण साध्या गणितात आहे. केबलमधून व्होल्टेजची लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावते. मोटरचा इंपीडन्स (लाटेला होणारा विरोध) केबलपेक्षा बराच जास्त, म्हणून लाट तिथे आदळून परतते. ती जाऊन येईपर्यंत पल्स पूर्ण चढलेला असेल, तर टर्मिनलवर जवळपास दुप्पट व्होल्टेज उभं राहतं. दोन मायक्रोसेकंदांत चढणाऱ्या पल्सला त्यासाठी १५० मीटर केबल लागे, ०.१ मध्ये चढणाऱ्याला साडेसात मीटर पुरते! ४०० व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (ज्यातून पल्स कापले जातात तो आतला डीसी पुरवठा) ५६५ व्होल्टच्या आसपास असतो; म्हणजे मोटरवर अकराशेच्या वर. त्याचा मोठा वाटा वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. तिथे पार्शल डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या, सुरू होतो आणि तारेवरचं इन्सुलेशन, इनॅमल, कुरतडलं जातं. हा बिघाड वेढ्यावेढ्यांतला, त्यामुळे इन्सुलेशन तपासणारा मेगर बहुधा काहीच बोलत नाही. मोटर खराब निघाली, असं म्हणून ती रिवाइंडिंगला जाते आणि त्याच केबलवर परत येते.

१९९० च्या दशकात नेमा या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या एमजी-१ या मोटर मानकात भाग ३१ आला: ६०० व्होल्टपर्यंतच्या इन्व्हर्टर ड्यूटी (ड्राइव्हवर चालवायच्या) मोटरने ०.१ मायक्रोसेकंदात चढणारा १,६०० व्होल्टचा पीक सोसावा. नव्या मोटरींचं भागलं. आधीच बसलेल्या मोटरींसाठी फिल्टर हाच उपाय उरला. आउटपुट चोक पल्सची चढण थोडी मंदावतो. डीव्ही-डीटी (व्होल्टेज चढण्याचा वेग) फिल्टर पीकही आटोक्यात ठेवतो. साइन फिल्टर पल्स गाळून जवळजवळ साइन वेव्हच देतो, म्हणून खोल बोअरवेलच्या सबमर्सिबल पंपाला तोच बरा. मात्र त्यात थोडं व्होल्टेज खर्ची पडतं आणि ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती पल्स पाडायचे तो आकडा) फिल्टरच्या किमान मर्यादेखाली उतरवता येत नाही. सेटिंग करताना हे हमखास विसरलं जातं.

बेअरिंगवर उमटणाऱ्या चरांचा दोष वेगळा. तो कॉमन मोड व्होल्टेजचा, म्हणजे तिन्ही फेजवर जमिनीच्या तुलनेत एकत्र येऊन शाफ्ट आणि बेअरिंगमधून प्रवाह ढकलणाऱ्या व्होल्टेजचा, आणि साधा साइन फिल्टर तो घालवत नाही. कॉमन मोड चोक किंवा इन्सुलेटेड बेअरिंग लागतं. शाफ्टमधल्या प्रवाहांचा अभ्यास तसा १९२० च्या दशकापासूनचा, पीडब्ल्यूएमने तो नव्याने उकरला.

आता सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. पल्स २० नॅनोसेकंदांत चढला, तर त्याच गणिताने दीड मीटर केबलही लांब ठरते.