घरगुती इंटरनेट जोडणी, खानदेशातील

घरगुती इंटरनेट जोडणी, खानदेशातील : जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत घरापर्यंत इंटरनेट येण्याचे मार्ग चार : तांब्याची टेलिफोन तार, प्रकाशतंतू म्हणजेच फायबर, टॉवरवरून येणारी बिनतारी जोडणी आणि उपग्रह. यांतून निवड करताना जाहिरातीतला वेग पाहण्याचा प्रघात आहे. भारनियमनाच्या या प्रदेशात मात्र वाटेत वीज कुठे कुठे लागते, हे आधी पाहणे अधिक उपयोगाचे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू केली. खानदेशातील शहरांत डायल-अप, म्हणजे टेलिफोन लावून जोडायचे इंटरनेट, साधारणतः 1990 च्या दशकाच्या अखेरीस रुळले असे मानता येते. ब्रॉडबँडचा आरंभ कोणता धरावा, हे व्याख्येवर ठरते. 2004 च्या धोरणात किमान वेग 256 केबीपीएस होता. 2013 मध्ये तो 512 केबीपीएस आणि 2023 मध्ये 2 एमबीपीएस करण्यात आला. आजची मोजपट्टी लावली तर 2005 च्या सुमाराची 256 केबीपीएसची जोडणी ब्रॉडबँड ठरतच नाही. तरीही त्या काळची जोडणी त्या काळच्याच व्याख्येने मोजणे रास्त वाटते.

तांब्याच्या तारेवरील डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरूनच चालणाऱ्या ब्रॉडबँडचा, वेग टेलिफोन एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घसरतो. चार-पाच किलोमीटरवर तो जेमतेम उरतो. पावसाळ्यात जमिनीतल्या जोडांत पाणी शिरले की खरखर वाढते आणि नेट तुटत राहते. जिथे फायबर पोहोचले तिथे नव्याने ही तार घेण्याचे कारण नाही.

फायबरमध्ये अंतर फारसे बाधत नाही. बाधतात ते विभाजक (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे भाग), जोड आणि वळणे. प्रचलित जीपॉन या फायबर वाटपाच्या पद्धतीत एका तंतूवर 2.488 जीबीपीएस येतात व विभाजकातून ते बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. सगळे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरू लागले, तर 32 घरांत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 78 एमबीपीएस येतात. 32 वाटांच्या विभाजकातच सुमारे 15 ते 17 डेसिबेल प्रकाश खर्ची पडतो. तुलनेने दहा किलोमीटर तंतूत साधारण तीन-चारच. घरातल्या डब्याशी (फायबर जोडायच्या मोडेमशी) प्रकाशाची पातळी उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीच्या मापाच्या) खाली गेली की जोडणी डळमळते. कपाटामागे चेपलेली पिवळी किंवा पांढरी बारीक वायरही एवढे नुकसान करू शकते. डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे प्रकाश पोहोचत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागला, तर आधी ती वायर पाहावी.

जीपॉनमध्ये एक्स्चेंज ते घर या वाटेवर कुठेही वीज लागत नाही. घरच्या डब्याला 12 व्होल्टचा लहान यूपीएस जोडला, की लाइट गेल्यावरही नेट चालू राहते. काही केबलवाले मात्र चौकापर्यंत फायबर आणून पुढे खांबावरच्या स्विचमधून लॅन केबलने घरे जोडतात. त्या स्विचची वीज गेली की घरचा यूपीएस निरुपयोगी. जोडणी घेताना ‘फायबर थेट घरात येते का?’ हे विचारलेच पाहिजे. मे-जूनच्या वादळांत रावेर, यावल भागात केळीबागांबरोबर खांबही आडवे होतात. तेव्हा दुरुस्तीला कोण येतो, याची शेजारी चौकशी करावी.

5जी एअरफायबर या टॉवरवरून येणाऱ्या बिनतारी जोडणीला तार ओढावी लागत नाही. जिओने ती सेवा 2023 मध्ये सुरू केली. टॉवर नजरेच्या टप्प्यात असेल तर ती उत्तम चालते. मात्र 26 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात अंगणातल्या निंबाची दाट पानेही आड येतात. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग उतरतो.

सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत दऱ्याखोऱ्यांमुळे टॉवरची रेंज तुटक असते. तेथे उपग्रह हा पर्याय उरतो. भूस्थिर उपग्रह सुमारे 35,786 किमी उंचीवर असल्याने प्रत्येक प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास विलंब होतो. सुमारे 550 किमीवरील उपग्रहांत तो जाणवत नाही. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा कमी उंचीवरील उपग्रहांतून सेवा देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी केलेल्या इरादापत्रात नंदुरबारचा समावेश आहे.