इग्वाना की वॉटर ड्रॅगन? आधी कान बघा

भाच्याने मडगावहून फोटो पाठवला. तळहातावर मावेल एवढं पोपटी पिल्लू, लांबलचक शेपूट, टपोरे डोळे. खाली लिहिलं होतं, "मामा, घेऊ का? वॉटर ड्रॅगन आहे. इग्वानाएवढा वाढत नाही, म्हणाले." मी फोटो मोठा करून कानाखालची जागा बघितली आणि लगेच फोन लावला. तो इग्वानाच होता.

ही चूक सहज होते. ग्रीन इग्वाना आणि चायनीज वॉटर ड्रॅगन, दोघांचीही पिल्लं हिरवी, दोघांच्याही पाठीवर काटेरी झालर, दोघंही फांदीला बिलगून बसणारी. पण नात्याने दोघं फार लांबचे. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. वॉटर ड्रॅगन थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, दक्षिण चीन या पट्ट्यातला, ओढ्याकाठच्या झाडांवर राहणारा. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा याच्याच कुळातला.

ओळखायची खूण एकच लक्षात ठेवा. इग्वानाच्या कानाच्या पडद्याखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ, शर्टाच्या बटणासारखा एक मोठा गोल खवला असतो. पिल्लातही तो दिसतो. वॉटर ड्रॅगनला असा एकटा मोठा खवला नसतो. शिवाय इग्वानाच्या गळ्याखाली कातडीची पिशवी लोंबते आणि तिच्या कडेला बारीक दाते असतात. शेपटीच्या पट्ट्यांवरून ठरवायला जाऊ नका, ते दोघांनाही असतात.

आता आकार. वॉटर ड्रॅगनचा नर शेपटीसकट सुमारे तीन फुटांचा होतो, मादी त्याहून लहान, आणि त्या लांबीत दोन तृतीयांशाहून जास्त शेपूटच असते. इग्वाना पाच-सहा फुटांपर्यंत जातो. वयात आलेला नर विणीच्या काळात घरच्या माणसावरही धावून येतो आणि त्याच्या शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो. त्याला पिंजरा पुरत नाही, खोली द्यावी लागते. वॉटर ड्रॅगनला साधारण सहा फूट उंच आणि चार फूट रुंद जागा, आत जाड फांद्या आणि खाली बुडी मारता येईल एवढं पाण्याचं टब लागतं. तो त्या पाण्यातच घाण करतो. पाणी रोज बदलायचं, एक दिवसही चुकवायचं नाही.

माझ्याकडे सहा वर्षांपासून वॉटर ड्रॅगन आहे, फोंड्यात. त्याच्यासाठी गोव्याची हवा चांगली: उष्ण, दमट, पावसाळ्यात तर त्याच्या गावचीच. पण त्याच पावसाळ्यात आठवडे-आठवडे ऊन नसतं, आणि अतिनील किरणांशिवाय त्याच्या अंगात जीवनसत्त्व ड तयार होत नाही. मग कॅल्शियम कितीही द्या, हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. म्हणून हे किरण देणारी यूव्हीबी ट्यूब हवीच, आणि ती उजेड देत असली तरी ठरलेल्या मुदतीत बदलायला हवी, कारण किरण आधी संपतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. ते किरण काच अडवते. हे सगळं इग्वानालाही तंतोतंत लागू आहे.

काचेवरून आठवलं. वॉटर ड्रॅगनला काच कळत नाही. घाबरला की तो सरळ काचेवर झेपावतो, नाक फुटतं, जखम चिघळते. माझ्याकडे आला त्या महिन्यातच हे झालं. तेव्हापासून पिंजऱ्याच्या खालच्या भागाला बाहेरून कापड लावलंय. त्या जखमेची खूण आजही त्याच्या नाकावर आहे, आणि ती बघताना मला अजून वाईट वाटतं.

खाण्यातला फरक मात्र घर बघूनच तोलायला हवा. इग्वाना पूर्ण शाकाहारी: शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा, थोडी पपई. लाल माठ, पालक रोज नको, त्यातली ऑक्झलेट कॅल्शियम अडवतात. गोव्यात हे परसातच मिळतं. वॉटर ड्रॅगनला जिवंत किडे लागतात: नाकतोडे, रातकिडे, गांडुळं, अधूनमधून छोटा मासा. स्वयंपाकघरातलं झुरळ कधीही देऊ नका, त्याने कुठे औषध चाटलंय ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणजे जो आकाराने लहान, त्याच्यासाठी घरात रातकिड्यांचा डबा पाळावा लागतो. भाच्याच्या आईला हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती.

आणि चवथ, म्हणजे आपली गणेशचतुर्थी. चार-पाच दिवस सगळे गावच्या घरी गेल्यावर याला कोण बघणार? दिवे, पाणी, किडे. वॉटर ड्रॅगन दहा-पंधरा वर्षं जगतो, इग्वाना त्याहूनही जास्त. तेवढ्या चवथी मोजा.

कागदपत्रांचं कमी लोक सांगतात. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये पूर्वीपासून आहे, वॉटर ड्रॅगन २०२२च्या पनामा परिषदेत तिथे आला, कारण मांसासाठी आणि पाळण्यासाठी तो जंगलातून फार पकडला जातोय. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्याची नोंदणी लागते. २०२४च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ती करायची. मी माझी केली. विकणारा कागद देत नसेल तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा. आणि 'मग आपला सरडगुहिराच (शॅमेलिऑन) पाळतो' असंही मनात आणू नका. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

इग्वाना डोईजड झाला म्हणून कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सोडून देणं, ही माझी सर्वांत मोठी भीती. फ्लोरिडा, पोर्तो रिको, तैवान, सिंगापूर इथे सोडलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची पुढे वस्ती झाली. फ्लोरिडात निदान थंडीच्या लाटेत ते गारठून झाडांवरून खाली पडतात. गोव्यात तशी थंडी येतच नाही, आणि हिरवा पाला बारा महिने.

भाच्याने ते पिल्लू घेतलं नाही. वॉटर ड्रॅगन घ्यायचं अजून त्याच्या मनात आहे. त्याआधी दिवाळीपर्यंत रातकिडे पाळून दाखव, असं त्याच्या आईने सांगितलंय. डबा बाल्कनीत ठेवलाय, आणि रात्री मला फोन केला की मागून त्यांचा आवाज ऐकू येतो.